नलूबाईची झालर

शनिवारी सकाळी सदाशिवराव आपल्या गच्चीच्या कठड्याशी उभे राहून पोळ्या फेकायचे आणि त्या नलूबाईच्या कौलांवर पडायच्या. पोळ्यांच्या मागोमाग वानरं. आधी एक दांडगा हुप्प्या, मग पोटाशी पिल्लं धरलेल्या माद्या. धबाधब उड्या पडत, एखादं कौल सरके, एखादं फुटे, आणि खाली ओसरीत बसलेल्या नलूबाईच्या चहात माती पडे. ती कप खाली ठेवी, अंगणात येई आणि वर बघून बोलायला लागे. बोलणं वानरांशी असे, पण आवाज गच्चीपर्यंत पोचेल असा लावलेला असे.

"शनिवार मारुतीचा, वानरं मारुतीची, आन् कौलं कोनाची रे? कौलं माह्या घामाची."

सदाशिवराव उत्तर देत नसत. ते जुन्या कापूस-जिनिंगचे मुनीम, तोलून मापून बोलणारा माणूस. शेठ होता तेव्हापासून वानरांना याच कौलांवर पोळ्या पडत आल्या होत्या, कारण पेठेत हेच छप्पर सगळ्यात बुटकं आणि पसरट. घर विकलं म्हणून काही वानरांचा पत्ता बदलत नाही, असं ते एकदा किराणा दुकानात म्हणाले होते. दुपारच्या आत ते नलूबाईच्या कानावर आलं होतं.

बोरी अरब गावाच्या जुन्या पेठेतलं ते घर कापसाच्या शेठच्या बापानं बांधलेलं. घरात विशेष काही नव्हतं. चार खोल्या, पुढं लांब ओसरी, मागं विहीर. विशेष होती ती ओसरीच्या वळचणीला लावलेली सागाची झालर. जुन्या रेल्वे स्टेशनच्या छपराला असते तशी. उभ्या फळ्या एकीला एक लावलेल्या, प्रत्येकीचं खालचं टोक भाल्यासारखं कोरलेलं, आणि टोकाच्या वर पिंपळपानाएवढं भोक. ऊन तिरपं झालं की अंगणात दातेरी सावली पडे.

त्या सावलीत नलूबाईचा बाप उभा राहत असे. बळीराम जिनिंगमध्ये हमाल होता. पाठीवर कापसाच्या गासड्या वाहायचा. हप्त्याची मजुरी शेठ घरी वाटायचा, आणि बळीरामच्या वस्तीतल्या माणसांना ओसरीची पायरी चढायची मुभा नव्हती. धम्म घेऊन वर्षं झाली होती, वस्तीत बुद्धविहार उभं राहिलं होतं, तरी पायरी तिथंच होती. उन्हात डोकं तापू नये म्हणून बळीराम झालरीच्या सावलीत अंग चोरून उभा राही. सावली सरकली की तोही सरके. लहानगी नलू त्याचा डबा घेऊन यायची आणि बापाच्या अंगावरचे ते काळे दात बघायची.

ती शिकली, नर्स झाली, दारव्हा तालुक्यातल्या गावागावांतून लशी टोचत उभी हयात काढली. नवरा लवकर गेला. मुलगी रुपाली यवतमाळात कॉलेजात नोकरीला लागली. मग ती वाईट वर्षं आली. कापसाला भाव राहिला नाही, जिनिंगला कुलूप लागलं, शेठची मुलं नागपूरला निघून गेली आणि पेठेतली घरं एकामागून एक विकायला निघाली. नलूबाईनं शेठचं घर घेतलं. शेठच्या थोरल्या मुलाला झालर तेवढी काढून न्यायची होती, नागपूरच्या बंगल्याला लावायला. नलूबाईनं सही करायचा पेन खाली ठेवला. म्हणाली, झालर उतरली तर घर तुमचं तुम्हालाच राहू द्या. ही गोष्ट सगळ्या पेठेला माहीत होती.

म्हणूनच झालरीचे दात पडायला लागले तेव्हा पेठेला ते नलूबाईच्या आधी दिसलं.

पहिल्या वर्षी एक-दोन टोकं झिजल्यासारखी झाली. दुसऱ्या वर्षी पिंपळपानाची भोकं वाढून वेडीवाकडी झाली. चौथ्या वर्षापर्यंत ओसरीची उजवी बाजू अशी दिसायला लागली जसं म्हातारीचं बोळकं. आणि हे काही नलूबाईच्या हेळसांडीनं झालं असं म्हणता आलं नसतं. दर दिवाळीआधी ती स्वतः शिडीवर चढायची. एक फडकं, एक वाटी, आणि वाटीत सरकीचं तेल. साधंसुधं नाही, खायचं, दारव्ह्याच्या तेलघाणीवरून आणलेलं. तिच्या लहानपणी घरात तेल बाटलीच्या बुडाशी यायचं आणि आई ते बोटानं मोजून वापरायची. तेव्हा आपण खातो तेच तेल आपल्या घरानंही खावं, असं तिनं ठरवलं होतं. एकेक फळी ती अशी चोळायची की बाळंतिणीनं लेकराला काय चोळावं.

तरी दात पडत होते. आणि सदाशिवराव दुकानात म्हणाले, शेठकडे ऐंशी वर्षं टिकलं ते चार वर्षांत गेलं. एवढंच म्हणाले. पुढचं बाकीच्यांनी आपापल्या मनात म्हटलं, आणि नलूबाईला तेही ऐकू आलं.

त्याच हंगामात शहरातून एक गाडी आली. त्या वर्षांत जिल्ह्यात पेपरवाल्यांच्या अशा गाड्या फार यायच्या. कॅमेरा घेतलेला एक तरुण उतरला, बंद जिनिंगचे फोटो काढत काढत पेठेत आला आणि नलूबाईच्या घरासमोर थबकला. गुडघ्यावर बसून त्यानं तुटक्या झालरीचे फोटो काढले. नलूबाई बाहेर आली तेव्हा तो अदबीनं म्हणाला की कापसाच्या पेठा कशा ओसाड पडल्यात ते तो दाखवणार आहे.

"ओसाड?" नलूबाई म्हणाली. "मी काय भूत हाओ काय इथं?"

त्यानं समजावायचा प्रयत्न केला. तिनं त्याला ओसरीत बोलावलं, पाणी दिलं, आणि तो पाणी पीत असताना त्याला एवढं ऐकवलं की ठसका लागला. हे घर ओसाड नाही, हे राहतं घर आहे. उजव्या बाजूचं काढलंस, आता डाव्या बाजूचंही काढ. त्यानं काढलं. ते कुठं छापून आलं की नाही कोणास ठाऊक. पण त्या दिवशी नलूबाईनं ठरवलं की झालर पूर्वीसारखी उभी करायची, नाहीतर या पेठेत तोंड दाखवायचं नाही. रुपाली म्हणाली होती की ते लाकूड उतरव आणि पत्रा लाव, कोण बघतंय. नलूबाईनं तिलाही झाडलं. सगळे बघतात, तेवढंच तर करतात, म्हणाली.

तिनं हिरासिंगला बोलावलं. हिरासिंग जवळच्या तांड्यावरचा. बाप-आजा बैलांवर माल वाहायचे, हा कोणा मिस्त्रीच्या हाताखाली राहून सुतारकाम शिकला. वय झालेलं, गुडघे गेलेले, तोंड मात्र शाबूत. त्याच्या घरची सगळी बाळंतपणं नलूबाईनं केलेली, म्हणून तो बोलावल्यावर यायचा आणि आल्यावर भांडायचा.

शिडीवर चढून त्यानं फळी चाचपली. खाली उतरून बिडी पेटवली आणि निकाल दिला की हे वानरांचं काम. लोंबकळतात, झोके घेतात, दात घासतात.

"दात घासतेत?"

"मंग काय मिस्री लावतेत? पाय ना बाई, कुरतडल्यावानी हाय."

त्यानं जुन्या बैलबंडीच्या सागाच्या फळीतून नवे दात कापले. जुन्या फळीचं कुजकं टोक तिरपं कापून काढायचं, त्याच तिरप्या कापाचा नवा तुकडा वर बसवायचा, सरस लावून मागून पितळी स्क्रू मारायचे, म्हणजे सांधा दिसत नाही आणि पाणीही राहत नाही. हे काम त्यानं मन लावून केलं. वानरांसाठी वळचणीभर बाभळीच्या काट्या बांधल्या. पुढच्याच शनिवारी वानरांनी त्या काट्या एक एक उपसून अंगणात टाकल्या, आणि त्या नलूबाईच्या लुगड्यात अडकल्या. हिरासिंग हसला. ती म्हणाली की हसायला आणि काट्या बांधायला सारखीच अक्कल लागते.

मग ती चिडली ती मुळावर. शनिवारी पोळ्या पडल्या तशी ती शिडी लावून चढली, काठीनं पोळ्या पुढं ओढल्या, पदरात गोळा केल्या आणि सदाशिवरावांच्या दारात नेऊन ठेवल्या. मथुराबाई, सदाशिवरावांची बायको, दारात उभी होती. नलूबाई तिला म्हणाली की मारुतीला तुमचं छप्पर दाखवा, माझं त्यानं पुष्कळ पाहिलं.

पेठ खवळली. देवाच्या नावाच्या पोळ्या दारात आणून टाकल्या, आणि त्या कोणी, हेही लोकांनी एकमेकांना सांगितलं. निवृत्त झाल्यावरही लोक नलूबाईकडे सुई टोचून घ्यायला, बीपी बघून घ्यायला यायचे. मागच्या दारानं यायचे, पण यायचे. ते यायचे थांबले. सदाशिवरावांनी मात्र पोळ्या फेकणं बंद केलं. मुकाट्यानं बंद केलं, आणि नलूबाईला वाटलं, जिंकलो.

दिवाळी आली. तिनं नेहमीप्रमाणं तेल चढवायला घेतलं. डावीकडून सुरुवात केली, जुन्या फळ्या झाल्या, हिरासिंगचे नवे दात लागले, आणि शेवटच्या थोड्या दातांपाशी वाटी रिकामी झाली. घाणीवर जायचं तेवढं राहिलं. रुपालीकडे यवतमाळला जाऊन ती परत आली तेव्हा थंडी पडली होती.

एस.टी.तून उतरून ती अंगणात आली, वर पाहिलं, आणि पिशवी हातातून सोडली. कौलं सगळी जागच्या जागी होती, म्हणजे वानरं फिरकली नव्हती. तरी नव्या दातांची टोकं कुरतडलेली होती. सगळ्यांची नाही. ज्यांना तेल लागलं होतं त्यांचीच. तेलावाचून राहिलेले दात कोरडे, पांढरट, कालच कापल्यासारखे धारदार होते.

ती ओसरीत बसून राहिली. ऊन कलल्यावर सदाशिवरावांच्या आवारातल्या निंबाची, झालरीच्या उजव्या बाजूवर आलेली फांदी हलली. तिथून एक खार तुरतुर आली, झालरीवर उतरली, उलटी लटकली आणि पुढच्या दोन्ही हातांत लाकूड धरून खायला लागली. खायलाच. मागून दुसरी आली. भुसा गळत होता.

नलूबाईनं शिडी लावली. खारी पळाल्या. तिनं फळीवर बोट घासलं आणि जिभेला लावलं. फोडणीची चव होती.

पूर्वी जिनिंगच्या आवारात सरकीचे डोंगर पडलेले असत आणि गावातल्या सगळ्या खारी तिथं मस्त होत्या. जिनिंग बंद झालं, सरकी गेली. मग पेठेत सरकीचा वास एकाच घरातून यायचा. ती चार वर्षं आपल्या हातानं त्यांना जेवू घालत होती.

एक चीड असते ती दुसऱ्यावर काढता येते. ही तशी नव्हती. ती शिडीच्या पायरीवर बसली आणि कपाळ शिडीच्या दांडीवर आपटलं, एकदा. मग तिला दुसरं सुचलं, आणि ती उठली. शेठनंही तर झालरीला तेल लावलं असेल. त्याच्या बापापासून ऐंशी वर्षं लावलं असेल. त्याच्या झालरीला खारी कशा लागल्या नाहीत?

पेठेत आल्यापासून नलूबाईनं कोणाला काही विचारलं नव्हतं. विहिरीचं पाणी कधी आटतं, कौलं कुठून आणायची, काही नाही. विचारायला गेलं की समोरचा दारात उभं ठेवतो, हे तिला फार लहानपणी कळलं होतं. त्या दिवशी ती सदाशिवरावांच्या दारात गेली. ते खुर्चीवर पेपर वाचत होते. बस म्हणाले नाहीत. तिनं उभ्यानंच विचारलं की शेठ झालरीला काय लावायचा.

"करंजाचं तेल," सदाशिवराव म्हणाले. "कोलामांच्या पोडावरून, डोंगरातल्या वस्तीवरून याचं. कडू जहर. मुंगी लागत नाई त्याले." आणि थांबून म्हणाले, "सरकीचं तेल कोनी लाकडाले लावते काय, सिस्टर?"

मथुराबाई आतून येऊन चौकटीला टेकली होती. नलूबाईला त्या वाक्याचा अर्थ पोचायला जरा वेळ लागला.

"मी सरकीचं लावतो हे तुमाले ठावं होतं?"

"वास येते ना. दर दिवाळीले पाहत होतो."

"मंग सांगतलं काहून नाई?"

सदाशिवरावांनी पेपराची घडी केली. "तुमी इचारलं काय कधी?" मग, बहुधा एवढं पुरेसं वाटलं नाही म्हणून, ते म्हणाले, "मले वाटलं, तुमाले कोनाचं सांगतलेलं चालत नाई."

ते अगदीच खोटं नव्हतं, आणि तेच जास्त झोंबलं. नलूबाई ओरडेल असं मथुराबाईला वाटलं असावं, कारण तिनं आतल्या दाराकडे पाहिलं. नलूबाई ओरडली नाही.

"तुमचा नातू तापानं आखडला होता," ती म्हणाली. "पावसाळ्यात. दारव्ह्याच्या रस्त्यावरचा नाला भरला होता. मी माह्या ओसरीतून त्याचं रडणं आयकलं आन् पेटी घेऊन तुमच्या घरात शिरलो. तुमी मले इचारलं होतं काय तवा? मी वाट पाह्यली होती काय कोनी इचारायची?"

सदाशिवरावांनी पेपराची घडी आणखी लहान केली. नलूबाई थांबली नाही.

"चार वर्सं पाहत होते तुमी. तमाशा पाहतेत तसं. दात पडून राह्यले, पाहा. नलू तेल लावून राह्यली, पाहा. माहा बाप बी तिथं उन्हात उभा राहे तवा तुमी ओसरीत बसून पाहतच होते. पाहाचीच सवय तुमाले." तिनं बाहेर बोट दाखवलं. "निंबाची फांदी उद्याच्या उद्या तोडून टाका. माह्या छपरावर येते. नाई तोडली तं मी तोडतो."

फांदी तुटली. कोणी तोडली, तर सदाशिवरावांनीच माणूस लावून तोडवली, आणि तो माणूस नलूबाईच्या अंगणात पडलेला पालाही झाडून गेला. तिनं त्याला चहा दिला, मालकासाठी निरोप दिला नाही.

हिरासिंग आला तेव्हा तिनं त्याला आधी वानरांच्या मिस्रीवरून फैलावर घेतलं. मग दोघं कामाला लागले. कढत पाण्यात धुण्याचा सोडा घालून सगळी झालर घासून काढली. चार वर्षांचं तेल काळ्या ओघळांनी अंगणात उतरलं. पुरतं निघालं नाही, जे लाकडाच्या आत गेलं ते गेलंच. कुरतडलेली टोकं पुन्हा कापली, पुन्हा तिरपे सांधे, पुन्हा सरस. फळ्यांच्या वरच्या कडेला हिरासिंगनं पत्र्याची वाकवलेली पट्टी बसवली, खारीची नखं घसरावीत म्हणून. काम करता करता त्यानं विचारलं की वानरांचं काय. ती म्हणाली, वानरं कौलं फोडतात, लाकूड खात नाहीत. त्यांच्यावरचा एक आरोप मागं घेतला, दुसरा ठेवलाय.

करंजाचं तेल हिरासिंगनंच आणून दिलं. दाट, पिवळसर काळं, आणि घाण असा वास की त्यानं सायकलच्या मागं बांधून आणताना तोंडाला रुमाल गुंडाळला होता. थंडीनं ते डब्यात गोठल्यासारखं झालं होतं. नलूबाई ते तसंच फडक्यानं लावायला चढली. हिरासिंग जेवायला तांड्यावर गेला होता. तेल लाकडात शिरेना, वर मेणासारखं थापलं जाई. एक फळी, दुसरी फळी. तिनं फडकं डब्यात आपटलं आणि खारींना, शेठला, घाणीवाल्याला आणि स्वतःला एकाच दमात शिव्या दिल्या.

खालून कोणी तरी म्हणालं, "गरम करून लावा लागते ते."

मथुराबाई अंगणात उभी होती. शेजारी असून या अंगणात ती पहिल्यांदाच आली होती. शेठकडची बाई चुलीवर कढत करून, थोडा कापूर टाकून लावायची, असं ती हळूच सांगत होती. लेकीला सांगावं तसं नाही, चोरी कबूल करावी तसं.

नलूबाईनं फडकं डब्यावर ठेवलं.

"हे तोंड चार वर्सं कोठी ठेवलं होतं, मथुराबाई?"

हे रागावतील म्हणून, एवढं मथुराबाई पुटपुटली आणि ओशाळून थांबली. गेली मात्र नाही. नलूबाईनं डबा दोरीनं खाली सोडला. मथुराबाईनं तो उचलला, जरा घुटमळली आणि ओसरीची पायरी चढून आत चुलीशी गेली. परत आली तेव्हा डब्यातून वाफ येत होती आणि तिचे डोळे वासानं पाणावले होते. नलूबाईनं फडकं बुडवून फळीवर फिरवलं. तेल आत शिरलं. लाकूड काळं होत गेलं.

शिडी हलत होती. मथुराबाईनं पुढं होऊन दोन्ही हातांनी तिला धरलं. गच्चीवर सदाशिवराव येऊन उभे राहिले होते, त्यांनी बायकोला हाक मारली. ती तिथंच उभी राहिली. दुसरी हाक आली.

"धराची तं नीट धरा," नलूबाई वरून म्हणाली, "नाईतं जा."

मथुराबाईनं पकड घट्ट केली.

तो वास पेठेत दिवसचे दिवस राहिला. लोकांनी नाकाला पदर लावले, किराणा दुकानदारानं तक्रार केली, रुपाली आली तेव्हा रात्री न राहता शेवटच्या गाडीनं परत गेली. झालर आता सागाची दिसत नव्हती, डांबर फासल्यासारखी दिसत होती, आणि सांधे कितीही छान असले तरी नवे दात जुन्यांहून थोडे मोठे झाले होते, हे हिरासिंगनंच शेवटी कबूल केलं. खारी येऊन हुंगून गेल्या. नलूबाईचा राग काही उतरला नाही. सदाशिवरावांशी ती पुढं बोलली नाही, आणि मथुराबाई सुई टोचून घ्यायला आली तेव्हा तिनं तिला मागच्या दारातून परत पाठवलं. पुढच्यातून ये, म्हणाली.